हसू विकत घ्यावे काय?

पुस्तके विकत घेणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही. गाण्यांच्या तबकड्या घेणाऱ्यालाही विचारीत नाही. गाणे पुन्हा पुन्हा ऐकायचे असते, हे सर्वांनाच मान्य आहे. पण विनोदी चित्रपटाची तबकडी हातात घेऊन आपण दुकानाची पायरी उतरलो, की भेटेल तो म्हणतो, "अहो, हा तर तुम्ही पाहिलाय ना?" जणू काही विनोद हा उसासारखा आहे. एकदा रस काढून घेतला की मागे उरते ते चिपाड!

तबकडी हा शब्द आजोबांच्या फोनोबरोबर आमच्या घरात आला आणि फोनो गेल्यावरही राहिला. कणकवलीच्या बाजारात तिला सगळे सरसकट 'सीडी' म्हणतात. मग ती व्हीसीडी असो, डीव्हीडी असो, नाहीतर २००६ साली निघालेली ब्लू-रे असो. दिसायला सगळ्या सारख्याच. तळहातापेक्षा थोडी मोठी, मधे भोक असलेली, उन्हात धरली तर इंद्रधनुष्य दाखवणारी ती चकती. गेली वीस वर्षे मी या चकत्या जमवीत आलो आहे, आणि त्यांत बहुसंख्य चकत्या हसण्याच्या आहेत. मास्तरच्या पगारात हा खर्च बसवायचा म्हणजे प्रत्येक वेळी मनाशी थोडा वाद घालावा लागतो. घ्यावी की न घ्यावी? आणि घ्यावी, तर का?

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मते हा वाद घालण्याचे कारणच नाही. ते म्हणतात, हसू म्हणजे धक्का. एक माणूस ऐटीत चालला आहे, केळ्याच्या सालीवरून त्याचा पाय घसरतो, आपल्याला ते ठाऊक नसते म्हणून आपण हसतो. दुसऱ्या खेपेला साल आधीच दिसते. मग हसायचे कशाला? रहस्यकथा नि विनोद या त्यांच्या लेखी सख्ख्या बहिणी. खुनी कोण ते कळले, की पुस्तक रद्दीत घालावे. एवढे बोलून ते माझ्याकडे बघतात, कारण मी कादंबऱ्या लिहितो हे त्यांना माहीत आहे.

त्यांचे गणित बरोबर असते, तर मला वर्गात शिकवताच आले नसते. सातवीला एक धडा शिकवताना मी दरवर्षी एक गंमत सांगतो. गेली पंधरा वर्षे तीच, त्याच शब्दांत. ज्यांचे थोरले भाऊ नि बहिणी माझ्या हाताखालून गेले आहेत, त्या मुलांना ती घरीच कळलेली असते. म्हणजे ती हसणार नाहीत, नाही का? प्रत्यक्षात मी पुस्तक मिटून खडू खाली ठेवला, की हीच मुले सगळ्यांच्या आधी तोंडावर हात घेतात. त्यांची बघून बाकीची हसू लागतात. गंमत अजून माझ्या ओठांवरही आलेली नसते.

तेव्हा घ्यावे की न घ्यावे, हा खरा प्रश्न नव्हे. कोणते घ्यावे, हा खरा प्रश्न. आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

पहिली गोष्ट अशी, की विनोद दोन जातींचा असतो. एक ऐकायचा आणि एक बघायचा. हृषीकेश मुखर्जींचा १९७५ सालचा 'चुपके चुपके' घ्या, किंवा सचिन पिळगावकरांचा १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' घ्या. यांचा प्राण शब्दांत आहे. बनवाबनवीचे संवाद वसंत सबनिसांनी लिहिले, आणि महाराष्ट्रात अशी किती घरे असतील, जिथे ते कोणाला ना कोणाला पाठ नाहीत? असल्या चित्रपटाची स्वस्तातली व्हीसीडी घेतली तरी चालते. व्हीसीडीच्या चित्रात ठिपके थोडे असतात. ३५२ आडवे नि २८८ उभे. डीव्हीडीत ते ७२० नि ५७६, म्हणजे एकूण चौपट. पण चेहरे जरा पुसट दिसले म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे नि अशोक सराफ यांच्या बोलण्याची धार बोथट होत नाही. आवाज तेवढा स्वच्छ हवा.

बघायच्या विनोदाचे तसे नाही. जाक ताती या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'प्लेटाइम' हा १९६७ सालचा चित्रपट. त्याने तो सत्तर मिलिमीटरच्या रुंद फितीवर चित्रित केला, आणि त्यातल्या गमती पडद्याच्या मधोमध न ठेवता कानाकोपऱ्यांत पेरून ठेवल्या. इकडे एक दार उघडते आहे, तिकडे दूर काचेपलीकडे कोणी भलत्याच माणसाला नमस्कार करतो आहे, आणि कोणीही तुम्हांला 'इकडे बघा' म्हणून सांगत नाही. असला चित्रपट पुसट तबकडीवर बघणे म्हणजे मेजवानीची पत्रावळ धुक्यात वाढून घेण्यासारखे आहे. बस्टर कीटनच्या १९२६ सालच्या 'द जनरल'चेही तेच. अख्खे आगगाडीचे इंजिन जळत्या पुलावरून खाली नदीत कोसळते. ते खरे इंजिन आहे, लाकडी खेळणे नव्हे, हे डोळ्यांना पटले तर त्या प्रसंगाची खरी मजा. इथे पैसे वाचवू नयेत.

मूकपटांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. ते पुष्कळदा सेकंदाला सोळा ते वीस चित्रांच्या आसपास घेतलेले असत. बोलपट आल्यावर चोवीसचा वेग ठरून गेला. जुनी फीत या वेगाने पळवली, की माणसे तुरुतुरु धावतात. चॅप्लिन असाच चाले, असे पुष्कळांना वाटते. काळजीपूर्वक केलेल्या तबकडीवर तो वेग सुधारून घेतलेला असतो, आणि मग लक्षात येते, की हा माणूस किती सावकाश, किती नेमके पाऊल टाकीत होता. शिवाय 'द गोल्ड रश' घेताना तो १९२५ चा मूळ मूकपट आहे, की १९४२ साली चॅप्लिनने स्वतःच काटछाट करून आपल्या आवाजातले निवेदन नि संगीत घालून पुन्हा काढलेला, हेही वेष्टन उलटून पाहावे. दोन्ही एकत्र असतील तर डोळे मिटून घ्यावी. दोहोंतला एकच घ्यायचा असेल, तर मी मूकपट घेईन. चॅप्लिन गप्प असतो तेव्हा जितका बोलतो, तितका बोलताना बोलत नाही.

दुसरी गोष्ट खंडाची. व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास, फार तर ८० मिनिटे मावतात. म्हणजे कुठलाही आपला चित्रपट दोन तबकड्यांवर येणार. रडका चित्रपट मधे तुटला तर बिघडत नाही, उलट डोळे पुसायला सवड मिळते. पण विनोद चढत चढत आला आहे, आता एक वाक्य पडायचे काय ते बाकी आहे, आणि पडद्यावर निळा रंग! माणसाने उठायचे, कप्पा उघडायचा, दुसरी तबकडी शोधायची. तोवर इकडे कोणी पाणी प्यायला गेलेले, कोणी दूध बघायला. त्या वाक्याला मग कोण हसणार? जिथे तुकडा पाडला आहे ती जागा शहाणपणाने निवडली आहे का, हे घेण्याआधी कळायला मार्ग नाही. म्हणून कोणाकडे असेल तर आधी उसनी आणून पाहावी, हे उत्तम.

तेही दिवस गेले म्हणा. एके काळी आमच्या बसस्टँडसमोर दहा रुपयांत एका दिवसासाठी तबकडी भाड्याने मिळे. मग २००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना नि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, आणि भाड्याने आणणे वेडेपणाचे ठरले. वडापाव नि चहाच्या पैशांत चित्रपट आपल्या मालकीचा होऊ लागला. किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात, साबणाच्या वड्यांशेजारी तबकड्या टांगलेल्या असत. त्या दिवसांत मी 'चलती का नाम गाडी' घेतला, 'अंगूर' घेतला, 'जाने भी दो यारो' घेतला. पुढे लोकांच्या फोनमध्येच चित्रपट येऊ लागले. त्या कंपनीचे दिवाळे निघून २०१८ साली ती मोडीत काढण्याचा हुकूम झाला. आमच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे सोबत. दादा कोंडक्यांचा १९७१ सालचा 'सोंगाड्या' ज्यांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला असेल, त्यांना विचारा. निम्मा चित्रपट पडद्यावर होता नि निम्मा प्रेक्षकांत. तोच चित्रपट घरी एकट्याने बघताना आपण नुसते ओठ रुंद करतो. विनोद ही एकट्याने खायची वस्तूच नव्हे. म्हणून नाटकांच्या तबकड्या मला चित्रपटांपेक्षाही मोलाच्या वाटतात. कॅमेरा नाट्यगृहात नेऊन प्रयोग जसाच्या तसा टिपलेला असतो. चित्र अंधारे, आवाज कधी लांबून येतो, नट कधी चौकटीबाहेर जातो. पण त्यात प्रेक्षकांचे हसू टिपलेले असते. ते हसू कोणी मागाहून चिकटवलेले नसते. पहिल्या रांगेतून उठते, मागे जाते, परतून येते, आणि नट त्यासाठी थांबतो. आपण घरात चारच माणसे असलो तरी शेपाचशे माणसांत बसल्यासारखे होते.

आमच्या घरात असे एक नाटक होते. 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांचे, १९८० साली रंगभूमीवर आलेले, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेले. कोकणातल्या एका गावची मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ बसवतात नि त्याचा जो बोजवारा उडतो, तो त्याचा विषय. योगायोग असा, की तीनच वर्षांनी आलेल्या 'जाने भी दो यारो'चा शेवटही रंगमंचावरच्या द्रौपदीवस्त्रहरणातच होतो. महाभारताने आपल्याला केवढे हसू पुरवले आहे! पण 'वस्त्रहरण'ची भाषा मालवणी, म्हणजे आमच्या घरातली. ते आम्ही पाहुण्यासारखे बघत नव्हतो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावे. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितले आणि तो पुढे वाढतच जाईल, हेही सांगितले. एके दिवशी शाळेतून आलो, तर पडवीत बसलेल्या बाबांनी माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिले नि विचारले, "तू खंयचो मास्तर रे?"

"हंयचोच, बाबा," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

त्या दिवसांत संध्याकाळी ते अस्वस्थ होत. 'ड्युटी'वर जायचे म्हणून उठत. मग मी 'वस्त्रहरण'ची तबकडी लावी. गणिताच्या मास्तरांचे म्हणणे खरे असते, तर बाबांइतका सुखी प्रेक्षक दुसरा नव्हता. त्यांना कालचे आठवत नव्हते. रोज नवे नाटक, रोज नवा धक्का! पण मी शेजारी बसून बघत होतो. बाबा धक्क्याला हसत नव्हते. ते धक्क्याच्या आधी हसत होते. नट विंगेतून यायच्या आधी त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर पडे, आणि ते पुटपुटत, "गप रव रे. आता येतलो बघ." आणि तो येई. मुलाचे नाव ज्यांना आठवत नव्हते, त्यांना हे आठवत होते. कुठल्या कप्प्यात त्यांनी ते ठेवले होते, कोण जाणे. तो येई, बाबा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत, आणि मग आम्ही दोघे नि त्या तबकडीतली माणसे एकदमच हसत असू.

त्यांच्या शेजारी बसून मला माझी कसोटी मिळाली. आज कोणी विचारले, की विनोदी चित्रपट विकत घेण्याजोगा कोणता, तर मी सांगेन, ज्यात तुम्ही दुसऱ्या खेपेला थोडे आधी हसता तो. पहिल्या खेपेचे हसू सगळेच चित्रपट काढतात, तेवढ्यासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. पण काही ठिकाणी माणूस वाट बघतो. आता तो दार उघडणार, आता तो ते म्हणणार. आणि तो अगदी त्याच क्षणी, अगदी तसेच म्हणतो. जगात दुसरे काय इतके वेळेवर येते? एसटीसुद्धा येत नाही, हे कंडक्टरचा मुलगा म्हणून मी सांगू शकतो.

'अहो, पण फोनवर सगळे फुकट असताना तबकडी कशाला?' असे आता तरुण मंडळी विचारतात. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पुष्कळ जुने चित्रपट मलाही तिथेच प्रथम भेटले. पण तिथे जे आज आहे ते उद्या असेलच असे नाही. हक्कांची मुदत संपली, की चित्रपट न सांगता निघून जातो. कुठे गाणी कापलेली, कुठे नेमक्या वाक्यावर साबणाची जाहिरात. तबकडीलाही मरण आहे, हे मला कबूल आहे. ती चरते, तिची यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत, आजचे लॅपटॉप तिला गिळायला तोंडच ठेवीत नाहीत. तरीही ती माझ्या कपाटात आहे तोवर तिच्यातले काही कोणी काढून घेऊ शकत नाही. झिजली तर ती माझ्या हाताने झिजेल.

आमचे 'वस्त्रहरण' तसेच झिजले. दुसऱ्या तबकडीवर एक चरा पडला. आता, चरे सगळे सारखे नसतात. मधल्या भोकाकडून काठाकडे जाणारा चरा यंत्र बहुधा सांभाळून घेते. चाकाच्या दिशेने गोल पडलेला चरा वाईट. आमचा गोल होता. एका जागी चित्र थिजे, चौकटीचौकटींचे होई आणि पुढे उडी मारी. नेमके एक वाक्य गळून जाई, आणि त्या वाक्याचे हसू मात्र पलीकडच्या बाजूला ऐकू येई. ते वाक्य बाबा म्हणू लागले. चित्र थांबले, की बाबा बसल्या जागेवरून ते वाक्य खणखणीत टाकीत, आणि तबकडीतले प्रेक्षक बाबांना हसत. खरेच तसे वाटे. पुढे पुढे त्यांना बोलणे जड जाऊ लागले, तेव्हा आई ते वाक्य म्हणू लागली. मग ही, मग आमची मुलगी.

बाबांना जाऊन दोन वर्षे झाली. मागच्या हिवाळ्यात प्रकाशकाच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो. रविवार होता, म्हणून जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी नि रविवारी भरतो. जुनी कुलुपे, पितळी नळ, घड्याळे यांच्यापलीकडे एकाने प्लास्टिकच्या कागदावर तबकड्यांचा ढीग ओतला होता. त्यात 'वस्त्रहरण' सापडले. दोन्ही तबकड्या, वेष्टनासकट. मी उजेडाकडे धरून पाहिल्या. एकही गोल चरा नाही.

"चालते का हो?"

"चालतीया साहेब. नाय चालली तर पुढल्या रविवारी परत आणा. पन्नास द्या."

पुढल्या रविवारी मी कणकवलीत असणार हे त्याला कुठून ठाऊक असणार! मी तबकडी हातात घेऊन उभा राहिलो. पन्नास रुपयांचा प्रश्न नव्हता. घरी एक आहेच. शिवाय जो ती रोज बघत होता, तो आता नाही. आणि ही कोरी करकरीत घेतली, तर ते गळलेले वाक्य भरून निघेल. बाबांची जागा नट घेईल. ती जागा भरावी असे मला वाटते आहे का? बराच वेळ मी तसाच उभा होतो. शेवटी विचार केला, की चरा वाढतच जाणार. आज एक वाक्य गेले, उद्या अख्खा प्रवेश जाईल. मुलीला पुढे कधी आपल्या मुलांना दाखवावेसे वाटले, तर तिच्याजवळ नुसता चरा असून भागणार नाही. पैसे दिले.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, आहे की आपल्याकडे!" मी म्हणालो, "आहे. तीही राहू दे."

रात्री जेवणे झाल्यावर नवी तबकडी लावली. आई पुढे सरकून बसली. ती जागा जवळ आली तसे कोणी कोणाकडे पाहिले नाही. चित्र थांबले नाही. नटाने तोंड उघडले, आणि आम्ही चौघांनीही एकदम, मोठ्याने ते वाक्य म्हटले. मागून प्रेक्षक हसले. मुलगी म्हणाली, "बाबा, ते खरंच काय म्हणाले, ते ऐकूच आलं नाही. मागे घेऊ का?"

आई म्हणाली, "नको गो. रवांदे."

त्यानंतर ते नाटक आम्ही तीन वेळा पाहिले आहे. त्या जागी नट काय म्हणतो, ते आम्हांला अजून ऐकू आलेले नाही.